विश्लेषण : औषध दुकानाच्या काचेवर स्वतःच्या कर्करोगाचे फोटो लावणारे बॉबी कॅम्पबेल कोण होते?

अमेरिकेत १९८१ मध्ये समलिंगी पुरुषांना ‘कापोसी सार्कोमा’ हा दुर्मीळ कर्करोग होत असल्याचे लक्षात आले. एड्स हे नावही तेव्हा नव्हते. भीती आणि लाजेपोटी रुग्ण गप्प होते. सॅन फ्रान्सिस्कोतील परिचारक बॉबी कॅम्पबेल मात्र बोलले.

निदान कसे झाले?

कॅम्पबेल यांचा जन्म १९५२ चा. सप्टेंबर १९८१ मध्ये डोंगरात पायी भटकून आल्यावर त्यांना पायांवर डाग दिसले. आधी ते चालून आलेले फोड वाटले. पण ते जाईनात. ८ ऑक्टोबरला त्वचारोगतज्ज्ञ मार्कस कोनंट यांनी कापोसी सार्कोमाचे निदान केले. वृद्धांचा मानला जाणारा हा रोग २९ व्या वर्षी झाला होता.

फोटो कशासाठी?

कॅस्ट्रो हा समलिंगी पुरुषांची मोठी वस्ती असलेला भाग. तेथील स्टार फार्मसीच्या काचेवर त्यांनी आपल्या डागांचे फोटो लावले. हे डाग सहसा दुखत नाहीत, त्यामुळे दुर्लक्ष होते. असे काही अंगावर दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवा, हा त्यामागचा निरोप होता. डिसेंबरपासून ते ‘सॅन फ्रान्सिस्को सेंटिनेल’मध्ये आजाराविषयी सदर लिहू लागले.

पुढे काय केले?

१९८२ मध्ये सुरक्षित लैंगिक संबंधांची माहिती देणारी ‘प्ले फेअर’ ही पुस्तिका निघाली. ती तयार करणाऱ्यांत ते होते. जून १९८३ मध्ये डेन्व्हर येथे रुग्णांनी एकत्र येऊन जाहीरनामा मांडला : आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला सहभागी करा. त्यातही कॅम्पबेल पुढे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते जोडीदारासह ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर झळकले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

कापोसी सार्कोमामागचा विषाणू १९९४ मध्ये सापडला. एचआयव्हीवरील प्रभावी औषधांमुळे हा कर्करोग आता बराच घटला आहे. गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका मात्र एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांमध्ये इतरांपेक्षा कितीतरी अधिक आहे. या कर्करोगाचे मुख्य कारण एचपीव्ही विषाणू असून त्यावर लस उपलब्ध आहे. कर्करोगापूर्वीच्या अवस्थेतच उपचार केल्यास धोका ५७ टक्क्यांनी घटतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. हा अभ्यास ३५ वर्षांवरील एचआयव्हीबाधितांवर झाला होता. पण तपासणीसाठी आधी डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलावे लागते. ही अडचण कॅम्पबेल यांच्या काळात होती, तशी आजही आहे.