मलिक अंबर : चित्रातला आणि इतिहासातला

गुलामांच्या जीवनावरील बोलपट पाहून आलेले विद्यार्थी पुष्कळदा पडद्यावरचे सारे खरेच घडले असे धरून चालतात. १९८३ साली कमाल अमरोही यांचा ‘रझिया सुलतान’ हा बोलपट आला. त्यात धर्मेंद्र यांनी चेहऱ्यास काळा रंग लावून याकूत या हबशी गुलामाची भूमिका केली, आणि रझिया व याकूत यांच्या प्रेमावर सारी कथा उभारण्यात आली. रझियाच्या काळी हयात असलेल्या मिनहाज या इतिहासकाराने अशा प्रेमाचा उल्लेखही केलेला नाही. याकूताविषयी माहिती थोडी, म्हणून कल्पनेचे फावले असे कोणी म्हणेल. परंतु ज्याची माहिती विपुल आहे त्या मलिक अंबराचीही चित्रकाराच्या हातून सुटका झाली नाही.

अंबराचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात झाला. चापू हे त्याचे मूळचे नाव. लहानपणीच विकला जाऊन तो तांबड्या समुद्राकाठच्या बाजारांतून बगदादला गेला. तेथील मीर कासिम नावाच्या धन्याने त्याचे नाव अंबर ठेवले. पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता! त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरास मुक्त केले. मग काही वर्षे तो भाडोत्री शिपाईगिरी करीत हिंडला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या सैन्याने घेतला. निजामशाही संपली असे मोगलांना वाटले असावे. अंबराने राजघराण्यातील मुर्तझा यास परांड्यास गादीवर बसविले आणि पुढे सव्वीस वर्षे राज्य राखले. मोगलांची फौज अफाट. तिच्याशी समोरासमोर न भिडता हलक्या मराठी घोडदळाकरवी तिची रसद तोडावी, असा त्याचा डाव असे. १६२४ मध्ये भातवडीस त्याने मोगल व आदिलशहा यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने जमिनीखालून नहर काढून पाणी आणले. लढाया कोणीही सांगतो; मला हा नहर अधिक मोलाचा वाटतो.

या माणसाला जिंकता येईना, तेव्हा जहांगिराने काय करविले? त्याचा चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या अंबराच्या मुंडक्यास बाण मारीत आहे. चित्र अप्रतिम आहे, डब्लिनच्या संग्रहालयात ते आजही आहे. आणि त्यातला प्रसंग कधी घडलाच नाही. त्यानंतर अंबर दहा वर्षे जगला आणि १६२६ मध्ये वृद्धापकाळी नैसर्गिक मृत्यूने गेला.

उद्या कोणी अंबरावर बोलपट काढील, तर उलट्या चुकीचा मोह होईल: त्याला गुलामांचा मुक्तिदाता दाखविण्याचा. तो तसा नव्हता. त्याने स्वतः हबशी गुलाम विकत घेतले आणि त्यांना शिकवून आपल्या सैन्यात घेतले. दख्खनेतील गुलामगिरी अमेरिकेतील कापसाच्या मळ्यांतली नव्हे. येथे लष्करी गुलामास मुक्त होऊन सरदार होता येत असे. तरी खरेदी ती खरेदीच. हिंदुस्थानातील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये, असा कायदा इंग्रजांनी १८४३ मध्ये केला, तोही अंबराच्या मागे दोन शतकांनी.

आपल्या सुरतेजवळचे सचिन हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत सिद्दी नवाबांकडे होते. आम्हां कोकणच्या माणसांना सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो. अंबराची कबर मात्र खुलदाबादेस आहे. ज्या मोगल दरबारात त्याच्या मुंडक्याचे चित्र निघाले, तेथलाच बखरकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून वाखाणणी केली आहे.