महर्षी कर्वे आणि मेंदूची गंगाजळी

खेड तालुक्यातील शेरवलीस १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. पुढे अण्णांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, हा वृद्ध बिनशाळेच्या खेड्यांकडे वळला! १९६२ मध्ये, १०४ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश आढळला; स्त्रिया, अशिक्षित व ग्रामीण वृद्धांत अधिक. अण्णांनी निवडलेला वर्ग नेमका हाच. बालपणीचे शिक्षण ही मेंदूची गंगाजळी होय, असे संशोधक मानतात. पट कमी म्हणून कोकणातील शाळा बंद करू पाहणाऱ्यांच्या हिशेबात ही रक्कम कोठेच धरलेली दिसत नाही.