गुरांचे डॉक्टर आणि टायरमधली हवा

जुन्या दमदार गाडीला मोठी अलॉय चाके आणि पट्टीसारखे पातळ टायर घालण्याची हौस कोल्हापुरात नवी नाही. अशी गाडी कळंब्यावरून गारगोटी रस्त्याला लागली की आतल्या माणसाचा कणा एकेक खड्डा मोजत जातो. टायरमध्ये हवा कशासाठी आली हे पाहिले, तर याचे कारण कळते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म १८४० मध्ये स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते आयर्लंडमध्ये गेले आणि बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना उत्तम चालला. आपली प्रकृती नाजूक आहे, ही समजूत मात्र त्यांनी जन्मभर जपली. जगले ८१ वर्षे!

१८८७ मध्ये त्यांचा लहान मुलगा तीनचाकी सायकलवर दगडी रस्त्यांवरून फिरत असे. चाकांना भरीव रबर, त्यामुळे गचके थेट अंगात जात. डनलॉप यांनी पातळ रबराची नळी केली, लाकडी चकतीभोवती बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात सायकलचे चाक आणि ही चकती, दोन्ही ढकलून पाहिली. चाक वाटेतच आडवे झाले. चकती अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आपटली आणि उसळून मागे आली. भरीव चाक खड्यावर चढताना अख्खे वर उचलले जाते आणि त्यात वेग खर्ची पडतो. हवेचे चाक तेवढ्याच जागी दबते आणि पुढे जाते.

१८८८ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने हवेच्या टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. पण रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच ही कल्पना नोंदवली होती, हे उघड झाले आणि डनलॉप यांचे पेटंट बाद ठरले. धंदा वाढवला तो डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रॉस यांनी. डनलॉप लवकरच कंपनीतून बाजूला झाले. नाव टायरवर राहिले, मोठा पैसा इतरांकडे गेला. १९२१ मध्ये डब्लिनला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या त्या हवेचा हिशेब आज टायरच्या कडेवर छापलेला असतो. २०५/६० आर १५ म्हणजे रुंदी २०५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२३ मिमी, आणि रिम १५ इंची. चाकाची एकूण उंची ६२७ मिमी. १७ इंची रिमवर २१५/४५ घातला तर एकूण उंची ६२५ मिमी राहते, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण भिंत ९७ मिमीवर येते. वळणावर गाडी अधिक चपळ वाटते, हे खरे. मात्र जुन्या गाडीचे सस्पेन्शन उंच भिंतीचे टायर धरून बेतलेले असते, आणि कमी झालेले २६ मिमी ही गचका पिणारी हवाच असते. वाढवायचेच तर माझ्या मते एका इंचावर थांबावे: २०५/५५ आर १६, भिंत ११३ मिमी, एकूण उंची ६३२. पैसे देण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासत नाही ना, आणि त्यावर छापलेला भारांक मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, एवढे पाहून घ्यावे.