आचार्य जावडेकर : भांडवलशाही, साम्यवाद आणि साधनांचा प्रश्न

भांडवलशाही श्रेयस्कर की साम्यवाद, हा वाद 1930 नंतरच्या दोन दशकांत मराठी वैचारिक गद्यात मोठ्या त्वेषाने लढला गेला. त्यात पक्षाभिनिवेशाला बळी न पडता दोन्ही व्यवस्थांची मूलगामी चिकित्सा करणाऱ्यांत आचार्य शंकर दत्तात्रेय जावडेकर यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र म्हणजे एकाच प्रश्नाचा आयुष्यभर केलेला पाठपुरावा होय. शोषण नष्ट करण्यासाठी योजलेले साधनच नव्या शोषणाचे मूळ ठरणार नाही कशावरून, हा तो प्रश्न.

जावडेकरांचा जन्म 26 सप्टेंबर 1894 रोजी कोल्हापूर संस्थानातील मलकापूर येथे झाला. पदवीनंतरचा अभ्यास सोडून ते असहकाराच्या आंदोलनात उतरले आणि पुढे त्यांना कारावासही घडला. इस्लामपूर ही त्यांची कर्मभूमी. टिळकांच्या राजकारणाचा संस्कार आणि गांधींच्या सत्याग्रहाचे आकर्षण या दोहोंतून त्यांची वैचारिक घडण झाली. मार्क्सच्या अभ्यासाने या घडणीला आव्हान दिले आणि तिला पूर्णत्वही दिले.

1930 नंतरचा काळ अशा अभ्यासाला अनुकूल होता. जागतिक मंदीने भांडवलशाहीच्या स्थैर्याविषयीचा विश्वास डळमळीत केला होता, तर सोव्हिएत रशियाच्या पंचवार्षिक योजनांनी तरुणांना भारून टाकले होते. नाशिकच्या तुरुंगात अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन आदी तरुण समाजवादाची चर्चा करीत होते. तिचे फलित म्हणून 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. साहित्यक्षेत्रात लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ (1935) या ग्रंथाने मार्क्सवादी समीक्षेची भूमिका मांडली. या वातावरणात 1938 साली जावडेकरांचा ‘आधुनिक भारत’ प्रसिद्ध झाला.

भांडवलशाहीविषयी जावडेकरांचा निर्णय निःसंदिग्ध होता. उत्पादनाची साधने मूठभरांच्या हाती असतील तर राजकीय लोकशाही पोकळ राहते, ही मार्क्सची मीमांसा त्यांना मान्य होती. धनिकांच्या सद्भावनेवर समाजपरिवर्तन सोपवण्याइतके ते भाबडे नव्हते. मात्र वर्गशत्रूच्या निर्दालनाचा आणि एकपक्षीय हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी नाकारला. मालकी भांडवलदाराकडून शासनाकडे गेली आणि शासनावर जनतेचा अंकुश उरला नाही, तर कामगाराचे पारतंत्र्य केवळ धनी बदलते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. 1936 ते 1938 या काळातील मॉस्कोच्या खटल्यांनी ही शंका अनाठायी नसल्याचे दाखवून दिले. 1941 मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर भारतीय साम्यवादी पक्षाने महायुद्धाला लोकयुद्ध मानले आणि 1942 च्या आंदोलनापासून तो दूर राहिला. त्यामुळे राष्ट्रवादी समाजवादी आणि साम्यवादी यांच्यातील दरी अधिकच रुंदावली. मार्क्सचे साध्य आणि गांधींचे साधन यांचा समन्वय जावडेकरांनी ‘सत्याग्रही समाजवाद’ या संकल्पनेत मांडला.

साहित्यविचारातही त्यांनी हीच भूमिका घेतली. साहित्याचा सामाजिक क्रांतीशी संबंध त्यांनी मान्य केला. इतकेच नव्हे, तर क्रांतीच्या भावनेला रसव्यवस्थेत स्थान देण्याचा आग्रह धरला. परंतु साहित्य हे पक्षाच्या प्रचाराचे उपकरण व्हावे, हे त्यांना मंजूर नव्हते. 1949 मध्ये पुणे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. 1950 साली साने गुरुजींच्या निधनानंतर ‘साधना’ साप्ताहिकाची धुरा त्यांनी अहमदनगरचे रावसाहेब पटवर्धन यांच्यासमवेत सांभाळली. 10 डिसेंबर 1955 रोजी त्यांचे निधन झाले.

जावडेकरांच्या विचाराची मर्यादाही नोंदवली पाहिजे. साधनशुद्धीची मीमांसा त्यांनी जितक्या बारकाईने केली, तितक्या बारकाईने नव्या आर्थिक संस्थांची रचना त्यांनी मांडली नाही. ते ‘साधने’चे संपादन करीत होते, त्याच काळात रावसाहेबांच्या जिल्ह्यात या उणिवेला व्यवहारातून एक उत्तर मिळत होते. हरेगावच्या बेलापूर कंपनीसारखे खाजगी कारखाने असलेल्या या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. कारखान्याचा मालक ना भांडवलदार होता, ना शासन. ऊस पिकवणारा शेतकरीच सभासद होता. हा प्रयोग पुढे नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या शेजारच्या सोनईपर्यंत पोचला. त्याने शेतकऱ्याला मालकी दिली. पण फडात ऊस तोडणारा स्थलांतरित मजूर सभासदत्वाच्या बाहेरच राहिला.

मालकीचे रूप बदलले म्हणजे शोषण आपोआप संपत नाही, या जावडेकरांच्या प्रतिपादनाची प्रचिती अशा रीतीने ज्या तिसऱ्या मार्गाकडे त्यांचा विचार झुकत होता, त्या मार्गावरही आली. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर या वादाचा निकाल भांडवलशाहीच्या बाजूने लागला, असे अनेकांनी मानले. जावडेकरांच्या निकषावर तो निकाल टिकत नाही. कारण एका व्यवस्थेचे अपयश हे दुसरीच्या न्याय्यतेचे प्रमाण होऊ शकत नाही. राबणाऱ्याच्या हाती निर्णयाचा अधिकार किती आला, हा त्यांचा निकष दोन्ही व्यवस्थांना, आणि सहकारालाही, सारखाच लागू पडतो.