डॉ. जॉन विल्सन : मिशन शाळा ते मुंबई विद्यापीठ

मराठी संतपरंपरेच्या अभ्यासकाला मंगळवेढा हे गाव दामाजीपंत, कान्होपात्रा आणि चोखामेळा या नावांनी परिचित आहे. त्यांपैकी चोखोबांचा अंत इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते अंगावर कोसळून झाला, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. मंदिरात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना दारापाशी जागा मिळाली. हा दाराचा प्रश्न पाच शतकांनंतर शाळेच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण कंपनीच्या संचालकांपर्यंत गेले आणि केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असे १८५८ मध्ये जाहीर झाले. याच्या आदल्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. मंगळवेढ्याच्या महाविद्यालयात आज सोलापूर विद्यापीठाची पदवी घेणारा विद्यार्थी पुणे (१९४९), शिवाजी (१९६२) आणि सोलापूर (२००४) या क्रमाने त्याच मुंबई विद्यापीठाचा दूरचा वारस ठरतो. या विद्यापीठीय परंपरेतील काही मूल्यांचे मूळ मात्र विद्यापीठाहून जुन्या अशा मिशन शाळांत आहे. डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या गावी झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेऊन, मार्गारेट बेन यांच्याशी विवाह करून ते १८२९ च्या प्रारंभी मुंबईस आले. पहिले काही महिने कोकणात बाणकोट आणि हर्णै येथे राहून दोघांनीही मराठीचा अभ्यास केला. मुंबईत परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या, तेव्हा मुंबईतील त्यांचा वास्तव्यकाळ जेमतेम सहा वर्षांचा होता. आपल्याकडील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांना मिळते त्याहून अधिक जागा मिळावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८३२ मध्ये विल्सन यांनी मुलांची इंग्रजी शाळा सुरू केली. हीच पुढे विल्सन महाविद्यालय झाली.

कोकणातील वास्तव्याचा एक परिणाम वाङ्मयदृष्ट्या विशेष लक्षणीय आहे. तेथील बेने इस्रायल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, हा मराठी बोलणारा यहुदी समाज. त्यांच्यासाठी विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. परक्या मिशनऱ्याने, मराठी माध्यमातून, कोकणातल्या तेल गाळणाऱ्या समाजाला त्याच्या पूर्वजांची धर्मभाषा शिकवावी, हा प्रकार मराठी ग्रंथेतिहासात विरळाच. विल्सन यांचा हेतू लपलेला नव्हता. जुना करार मुळातून वाचणारे नव्या कराराकडे वळतील अशी त्यांची अपेक्षा होती. बेने इस्रायलांनी शिक्षण घेतले, हिब्रू घेतली, आणि बहुतांशी आपल्या यहुदी धर्मातच अधिक दृढ झाले. ज्ञान एकदा शिकणाऱ्याच्या भाषेत दिले की त्याचा उपयोग कसा व्हावा हे देणाऱ्याच्या हाती राहात नाही, हे येथे प्रथम दिसते.

दुसरे उदाहरण जाहीर वादांचे. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी विल्सन यांचा मराठीतून धर्मवाद झाला. तो अनेक संध्याकाळी चालला. दांडेकरांनी त्याच वर्षी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ छापून आपली बाजू मांडली. विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यास ग्रंथरूप उत्तर दिले. साताऱ्याचे नारायणराव पुढे सरसावले, आणि १८३४ मध्ये त्यांनाही उत्तर मिळाले. विल्सन यांचा सूर या लेखनात कठोर आहे. पुराणांविषयी लिहिताना सहानुभूती क्वचितच आढळते, आणि प्रतिपक्षाच्या श्रद्धेचे मर्म समजून घेण्याची तयारी तर त्याहून क्वचित. तथापि मतभेद छापून मांडावा, उत्तरास उत्तर द्यावे आणि निर्णय वाचकावर सोपवावा हा संकेत या वादांनी मराठीत रूढ केला. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना आव्हान दिले ते याच पद्धतीने. अर्वाचीन मराठी वैचारिक गद्याची घडण केवळ पाठ्यपुस्तकांत शोधणाऱ्यांनी या वादग्रंथांकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

शाळेच्या प्रवेशास जातीची अट नव्हती. ब्राह्मण, पारशी, यहुदी, ख्रिस्ती, इतकेच नव्हे तर ॲबिसिनियातून आलेले तरुणही तेथे शिकले. वस्तुस्थिती अशी की इंग्रजी वर्गांत भरणा वरच्या जातींचा आणि पारश्यांचाच होता. दार खुले असले तरी दारापर्यंत येण्याची ऐपत सर्वांना नव्हती. शिवाय या दारापाशी एक भीती उभी असे. १८३९ मध्ये शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींच्या धर्मांतरानंतर त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला शुद्ध करून जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि त्यावरून ब्राह्मणवर्गात मोठी फूट पडली. या घटना केवळ संशयाच्या किंवा केवळ धर्मवेडाच्या मानणे इतिहासाला धरून होणार नाही. शाळेचे सर्व मोठेपण मान्य करूनही, मुलगा शिकेल पण घरी परत येईल काय, हा आईबापांचा प्रश्न खरा होता.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन त्या वेळी पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघाले होते. शासनाच्या नियंत्रणापासून स्वतंत्र अशा फ्री चर्चची बाजू त्यांनी घेतली. परिणामी ज्या इमारतीसाठी त्यांनी खपून पैसा जमवला होता ती जुन्या चर्चकडे राहिली, आणि १८४७ मध्ये परतल्यावर त्यांना नव्याने मांडामांड करावी लागली. मुंबईच्या या संस्थेत नंतर बाबा पदमनजी शिकले. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत जोतीराव फुले शिकले, आणि त्यांनी बाप्तिस्मा न घेता १८४८ पासून मुलींसाठी व नंतर महार-मांगांच्या मुलांसाठी स्वतःच्या शाळा काढल्या. एकाच परंपरेचे हे दोन विद्यार्थी. त्यांतील दुसऱ्याने शाळेचे दार अधिक खाली, गावकुसापर्यंत नेले.

विल्सन यांच्या विद्वत्तेचा व्याप मोठा होता. १८३५ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. गिरनारच्या अशोकलेखाचा ठसा त्यांनी जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचविला. पारशी धर्मावरचा ग्रंथ १८४३ चा. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेचे घटक व प्रसार यांवरील त्यांची टिपणे जोडलेली आहेत. कोश चाळणारे ती पाने सहसा ओलांडून जातात.

१८५७ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठाचे उद्दिष्ट सर्व वर्गांच्या व पंथांच्या प्रजेस उदार शिक्षणास उत्तेजन देणे असे ठरविले. विद्यापीठ परीक्षा घेणारे होते. कोणता धर्म मानावा याची विचारणा त्यात नव्हती. विल्सन त्याच्या आरंभीच्या फेलोंपैकी एक होते. १८६१ मध्ये त्यांची संस्था विद्यापीठाशी संलग्न झाली आणि १८६८ मध्ये ते कुलगुरू नेमले गेले. आयुष्यभर बायबल हा शिक्षणाचा पाया मानणाऱ्या माणसाने धर्मनिरपेक्ष विद्यापीठाची धुरा वाहिली. त्यांना यात विसंगती वाटलेली दिसत नाही. सत्य खुल्या परीक्षेत टिकेल ही श्रद्धा दोन्हीकडे समान होती, असा याचा अर्थ प्रस्तुत लेखक लावतो. एक गोष्ट मात्र त्यांच्याही काळात सुटली नाही. १८६० च्या दशकात विद्यापीठाने अभिजात भाषांना झुकते माप देऊन उच्च परीक्षांतून देशी भाषा बाहेर ठेवल्या, आणि हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिणाऱ्या कुलगुरूच्या कारकिर्दीतही हा निर्णय फिरला नाही. मराठीला त्या परीक्षांत पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटावे लागले.

१ डिसेंबर १८७५ रोजी विल्सन यांचे मुंबईत निधन झाले. भारतीय जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ तेव्हा अप्रकाशित होता. तो १८७७ मध्ये दोन खंडांत बाहेर आला. गिरगाव चौपाटीसमोरची महाविद्यालयाची इमारत १८८९ ची.