खिळे ओतणारे जावजी

मी इंदापूर तालुक्यातला. घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. सुट्टीत बारामतीच्या एका डीटीपीच्या दुकानात काम करतो. मालकाने विकत घेतलेला मराठी फॉन्ट एका मित्राने पेन ड्राइव्हवर मागितला. परवाना एकाच संगणकाचा, म्हणून मी नाही म्हटले. अक्षराला कसला मालक, म्हणून तो रुसला. तेव्हा मला जावजी आठवले.

जावजी दादाजी चौधरी १८३९ साली मुंबईत गरीब घरी जन्मले. पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासू लागले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरे कोरणारा हात मात्र मित्राचा, राणोजी रावजी आरू यांचा. (हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?) पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरायचे, तो तांब्यात ठोकून मातृका करायची, तीत शिशाचा रस ओतायचा. जोडाक्षरे, काने-मात्रा धरून असे शेकडो पंच! खिळे कोणीही विकत घ्यावेत; पंच आणि मातृका ओतणाऱ्याच्या कुलपात. त्या हातच्या गेल्या की वर्षांची मेहनत गेली. आमची फाईल म्हणजे खिळा आणि मातृका एकातच. म्हणून तर धास्ती जास्त. जावजी १८९२ साली वारले. त्यांच्या ‘काव्यमाले’तले संस्कृत ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात.

मित्राला मी ‘मुक्ता’ हा खुल्या परवान्याचा फॉन्ट दिला. त्याने घेतला, बोलत मात्र अजून नाही.