गणितसारसंग्रहकार आचार्य महावीर

जैन परंपरेत गणित हे केवळ देवघेवीचे साधन नव्हते. लोकस्वरूप जाणण्याचा तो एक मार्ग होता. लोकाचे घनफळ ३४३ घनराजू, म्हणजेच ७ राजू बाजूच्या घनाइतके, हे स्वाध्यायी श्रावकांना परिचित आहे. घन व घनमूळ यांचे चिंतन करणाऱ्या या परंपरेत नवव्या शतकात आचार्य महावीर होऊन गेले.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ. स. ८१४ ते ८७८) यांचा तो काळ. मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड, ही त्यांची राजधानी आणि आदिपुराणकार जिनसेनाचार्य हे त्यांचे गुरू. इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ रचला. भगवान महावीरांना वंदन करून व सम्राटाचा गौरव करून ग्रंथाचा आरंभ होतो. ज्योतिषाचा आधार न घेता केवळ गणितालाच वाहिलेल्या या ग्रंथात नऊ अधिकार व सुमारे अकराशे श्लोक आहेत.

घनमुळाची त्यांची रीत आजही उपयोगी पडते. अंकांचे उजवीकडून तीन-तीनचे गट करावयाचे. प्रत्येक गटातील उजवीकडचे स्थान घन, मधले शोध्य व डावीकडचे भाज्य. उदाहरणार्थ, १२१६७ चे गट १२ व १६७. बारातून २ चा घन ८ वजा करता ४ उरतात. भाज्य १ उतरविल्यावर ४१ होतात. त्यांस २ च्या वर्गाच्या तिपटीने, १२ ने, भागता ३ येतात व ५ उरतात. शोध्य ६ उतरवून ५६ मधून २ ची तिप्पट गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे ५४, वजा करावेत. उरलेल्या २ वर घनस्थानचे ७ उतरविता २७ होतात. तोच ३ चा घन. बाकी शून्य आणि घनमूळ २३.

दशांश चिन्ह त्या काळी नव्हते. परंतु अपूर्णांकांचे घनमूळही आचार्यांनी सांगितले आहे. १२.१६७ म्हणजे १२१६७ भागिले १०००. अंशाचे मूळ २३, छेदाचे १०, म्हणून उत्तर २.३. दशांश चिन्हापासून दोन्ही बाजूंस तीन-तीन अंकांचे गट करण्याच्या शालेय रीतीचे मर्म हेच आहे.

ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. शून्याने भागल्यास संख्या बदलत नाही, हे त्यांचे मत मात्र पुढे ग्राह्य ठरले नाही. त्याने त्यांच्या कार्याची थोरवी उणावत नाही.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी मद्रास येथून इंग्रजी अनुवादासह, तर १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला.

जन्मस्थान, कुल यांचा उल्लेखही न करता आचार्यांनी केवळ ज्ञान मागे ठेवले. ग्रंथभांडारातील पोथीचे पूजन होतेच. ती उघडून अभ्यासणे, हेच त्यांना खरे वंदन होय.